‘मी बी येतो’ म्हणणारी मुलगी चुकते का?

सांगलीजवळच्या एखाद्या गावातलं घर धरा. तीन वर्षांची मुलगी उंबऱ्यात चप्पल शोधत म्हणते, ‘आज्जी, मी बी येतो.’ बाहेरून आलेला संशोधन सहायक ते वाक्य टिपतो आणि शेजारच्या रकान्यात लिहितो: लिंगाची चूक, ‘येते’ हवं. तासाभरात अशा चौदा चुका सापडतात. महिन्याने तक्ता तयार होतो आणि त्यातून निष्कर्ष निघतो, की या मुलीला स्त्रीलिंगी क्रियापद अजून जमत नाही.

आता तेच ध्वनिमुद्रण थोडं मागे नेऊन आज्जी काय म्हणते ते ऐका. ‘थांब, मी बी आलो.’ आतून आई: ‘तुमी बसा, मी मागनं जेवतो.’ सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत बायका स्वतःबद्दल बोलताना ‘आलो, जातो, करतो’च म्हणतात. मुलीने ऐकलं तसं उचललं. शिवाय तीच मुलगी पुढच्या वाक्यात म्हणते, ‘ताई शाळंला गेली.’ म्हणजे लिंग तिला बरोबर कळतं. स्वतःबद्दल बोलताना ते क्रियापदाला लावायचं नाही, हा घरचा नियम आहे आणि तोही तिला कळलाय. चुकला तो तक्ता.

मुलं, कुटुंब आणि भाषा यांच्यावरच्या संशोधनात हा प्रश्न पावलोपावली येतो: चूक कशाला म्हणायचं? मूल अजून शिकतंय म्हणून वेगळं बोलतं, की घरच तसं बोलतं म्हणून? हे दोन वेगळे काढता आले नाहीत, तर पुढचे आकडे कितीही देखणे असोत, उपयोगाचे नाहीत.

या बाबतीत सातारा-सांगलीचा पट्टा जुना आणि अभ्यासकांच्या ओळखीचा आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली सांगली जिल्ह्यातल्या एका गावावर लेख लिहिला. लेखात त्या गावाचं नाव ‘कुपवार’ असं येतं आणि तो जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गात शिकवला जातो. गावात चार भाषा: कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू. जैन आणि लिंगायत घरात कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, आणि एकमेकांशी बोलताना मराठी चाले. कित्येक पिढ्या शेजारी राहून शब्द ज्याचे त्याच्याकडे राहिले, वाक्याची बांधणी मात्र एकसारखी होत गेली. लेखातलं गाजलेलं उदाहरण पाहा. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तर तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. एका भाषेचा शब्द उचलून त्या जागी दुसरीचा ठेवत जा, वाक्य उभंच राहतं. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी साधारण चाळीस वर्षांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला.

याचा आपल्या तीन वर्षांच्या मुलीशी काय संबंध? कन्नडमध्ये ‘मी’बरोबरच्या क्रियापदाला लिंग लागत नाही; बाई बोलली काय आणि बाप्या बोलला काय, रूप एकच. सीमेलगतच्या मराठीत ‘मी येतो’ दोघांनाही चालतं, त्यामागे हा शेजार असावा असं मानायला जागा आहे.

वर फलटणला गेलं की बोली पालटते. मॅक्सीन बर्नसन 1960च्या दशकात तिथे राहायला आल्या. एकाच गावातले लोक एकच गोष्ट किती तऱ्हांनी बोलतात, यावर त्यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएचडी केली आणि पुढे 1984 साली फलटणमध्येच प्रगत शिक्षण संस्था काढली. आधी गावाचं बोलणं आणि नंतर गावातल्या मुलांचं वाचन-लेखन, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. बहुतेक प्रकल्प तो उलटा करतात.

घरात कोण कोण बोलतं

पहिल्या भेटीत मुलाला बोलतं करायला जायचं नाही. घराची यादी करायची. कोण राहतं, कोण कुठल्या गावचं, दिवसातला कोणता वेळ मूल कोणाजवळ असतं. आई तासगावची, आज्जी जतची, काकू माणची असेल तर एकाच स्वयंपाकघरात तीन तऱ्हा ऐकू येतात. जतकडच्या आज्जीला कन्नड येत असेल, तर झोपवताना ती कुठली भाषा वापरते हे वेगळं विचारावं लागतं, कारण ‘घरात मराठीच’ असं उत्तर सहज मिळतं आणि ते अर्धंच खरं असतं.

परदेशातल्या जुन्या अभ्यासांत घर म्हणजे आई आणि मूल. त्या साच्यात आपलं एकत्र कुटुंबाचं खटलं बसवायला गेलं की काय होतं, हे एका प्रसिद्ध आकड्यावरून समजेल. बेट्टी हार्ट आणि टॉड रिझली यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 42 कुटुंबांकडे महिन्यातून एक तास, असं सुमारे अडीच वर्षं ध्वनिमुद्रण केलं. 1995 साली निष्कर्ष आले. सुशिक्षित नोकरदारांच्या घरात मुलाच्या कानावर तासाला सरासरी 2,153 शब्द पडत होते, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरात 616. मग गुणाकार झाला: आठवड्याला 100 जागे तास, वर्षाला 5,200, अशी चार वर्षं. एकीकडे साडेचार कोटींच्या घरात, दुसरीकडे जेमतेम 1 कोटी 30 लाख. ‘तीन कोटी शब्दांची दरी’ हे वाक्य तिथून निघालं आणि पालकसभांपर्यंत पोहोचलं.

आता खाचा बघा. मदतीवरची कुटुंबं होती फक्त 6. महिन्यातल्या एका तासावरून चार वर्षं मोजली. पाटीपेन्सिल घेऊन कोणी समोर बसलं की कोणतं घर जास्त अवघडतं, हे सांगायला नकोच. 2019 साली डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वस्त्यांतली ध्वनिमुद्रणं तपासली. आईखेरीज इतरांचं बोलणं आणि आसपासचं, मुलाला उद्देशून नसलेलं बोलणंही धरलं, तर चित्र बरंच बदलतं, असं त्यांना दिसलं.

म्हणजे आज्जी-काकू-चुलत्यांचं सगळं बोलणं मोजलं की झालं? तेही नाही. मेक्सिकोतल्या माया वस्तीत लॉरा श्नायडमन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी मोठ्या गोतावळ्यात वाढणारी मुलं पाहिली (2012). तिथे मुलाच्या पुढच्या शब्दसंग्रहाशी नातं लागलं ते थेट त्याच्याशी बोललेल्या शब्दांचं. नुसतं कानावरून गेलेल्याचं नाही. त्यामुळे आपल्याकडे दोन खाती स्वतंत्र ठेवावीत: मुलाशी बोललेलं, आणि मुलासमोर बोललेलं. टीव्हीवरच्या मालिकेचं तिसरं खातं. तिन्ही एकत्र केले की आकडा फुगतो आणि अर्थ जातो.

रेकॉर्डर, कुकर आणि ‘शुद्ध’ बोलणारी आई

साधा डिजिटल रेकॉर्डर पुरतो. ध्वनी दाबून लहान करणाऱ्या फाइलीपेक्षा ‘वेव्ह’ फाइल घ्यावी, कारण दाबलेल्या आवाजात ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’ हे ठरवताना डोकं फुटतं. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, एकच चॅनल, या मापाने मिनिटाला साधारण 5 एमबी आणि तासाला 320 एमबीच्या आसपास जागा लागते. माइक मुलापासून हातभर. मूल धावतं असेल तर झबल्याच्या वरच्या खिशात बारीक रेकॉर्डर शिवून द्यायचा. मात्र कापड घासल्याचा आवाज येतोच, म्हणून खिसा आतून मऊ सुती हवा.

वेळ निवडताना घराचं घड्याळ पाहावं. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, दारात भाजीवाल्याचा भोंगा. पावसाळ्यात पत्र्याचं घर असेल तर तासभराची फाइल पाण्यात जाते, अगदी शब्दशः. दुपारी चारच्या सुमारास, निवडण-टिपण चालू असताना, बोलणं सर्वांत मोकळं मिळतं. दर पंधरवड्याला एक तास, निदान वर्षभर, हा साधारण पाया. रॉजर ब्राऊन यांनी 1962 पासून हार्वर्डमध्ये केवळ तीन मुलांवर असंच चिकाटीचं काम केलं आणि त्यावर अर्ध्या शतकाचा अभ्यास उभा राहिला. मुलं थोडी असली तरी चालतात. खाडे चालत नाहीत.

सगळ्यांत मोठा घोटाळा मात्र यंत्राचा नसतो. पाहुणा समोर बसला की आई पुस्तकी बोलायला लागते. एरवी ‘मी जातो’ म्हणणारी बाई ‘मी जाते हं बाळा’ म्हणते, ‘पानी’चं ‘पाणी’ होतं, आज्जी तर गप्पच बसते. माणसं कोणी ऐकत नसताना कशी बोलतात हे हवंय, आणि ते मिळवायला ऐकावं तर लागतंच. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी या पेचाला ‘निरीक्षकाचा विरोधाभास’ म्हटलं. उपाय घरगुती आहे. पहिल्या दोन भेटींची मुद्रणं हिशेबात धरायची नाहीत. तिसऱ्या भेटीपासून रेकॉर्डर घरच्यांच्या हाती देऊन आपण निघून यायचं. चालू-बंद करायचं बटण त्यांच्याकडे राहिलं की बोलणंही सैल होतं.

जसं बोललं तसं लिहिणं

एका तासाचं मुद्रण कागदावर उतरवायला दहा ते वीस तास जातात. हा वेळ प्रकल्पाच्या अर्जात कोणी धरत नाही आणि मग शेवटच्या दोन महिन्यांत घाईने ‘दुरुस्त’ मराठीत उतारे तयार होतात. तिथेच काम संपतं. उतरवणाऱ्याचा हात आपोआप ‘आंबं’चं ‘आंबे’ करतो; त्याला वाटतं आपण शुद्धलेखन सुधारलं, प्रत्यक्षात पुरावा पुसला गेलेला असतो.

म्हणून प्रत्येक वाक्याला तीन रकाने ठेवायचे. पहिला, मूल जसं बोललं तसं. दुसरा, याच घरातली मोठी माणसं हेच कसं म्हणतील. तिसरा, पुस्तकी मराठीत ते कसं लिहितात. पहिला आणि दुसरा जुळले नाहीत तरच ती मुलाची शिकण्यातली पायरी. दुसरा आणि तिसरा जुळले नाहीत तर ती बोली. तिसऱ्या रकान्याशी थेट पहिल्याची तुलना करायची मनाई. दुसरा रकाना आपल्या अंदाजाने न भरता घरच्यांच्या मुद्रणातूनच भरावा. आणखी आधार हवा असेल तर डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात जिल्ह्याजिल्ह्यांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं आहे. कामाला बसण्याआधी आपल्या तालुक्याजवळचं ऐकून घ्यावं.

मोजणी करताना इंग्रजीवरून आलेली मापं जपून वापरावी लागतात. मुलाच्या एका उद्गारात सरासरी किती घटक (शब्द आणि त्यांना लागणारे प्रत्यय) येतात, याला एमएलयू म्हणतात. त्यासाठी साधारण शंभर उद्गार घेतात. ‘दादाच्या गाडीवर जातो’ यात शब्द तीन. घटक पाडले तर दादा, च्या, गाडी, वर, जा, तो असे सहा. शब्द मोजले तर मूल मागे पडलेलं दिसतं, घटक मोजले तर पुढे गेलेलं. ‘घोड्याला’मध्ये ‘घोडा’चं ‘घोड्या’ झालं, त्या बदलाला वेगळा गुण द्यायचा की नाही? दोन्ही पद्धती चालतील, पण पहिलं पान मोजण्याआधी नियम लिहून भिंतीला चिकटवा. आणि मुलाने ‘कायझालं’ हे एका दमात, एकाच सुरात, दर वेळी तसंच म्हटलं तर तो एकच घटक. त्याने ‘काय’ आणि ‘झालं’ अजून वेगळे केलेले नाहीत.

बुदगा, नुपटी आणि गदुलं

मुलाला नियम कळलाय की शब्द नुसता पाठ झालाय, हे ओळखायची एक गंमतशीर युक्ती जीन बर्को यांनी 1958 साली वापरली: कुठल्याच कोशात नसलेला शब्द द्यायचा. मुलाने तो आधी ऐकलेला असणं शक्यच नाही, त्यामुळे त्याला जे काही करायचं ते नियमानेच करावं लागतं. मराठीत हे आणखी रंगतं, कारण आपल्याकडे लिंगं तीन.

चित्र दाखवा. ‘हा बघ बुदगा. आता इथं दोन आहेत. हे दोन...?’ मग ‘ही नुपटी’, मग ‘हे गदुलं’. पुस्तकी अपेक्षा बुदगे, नुपट्या, गदुली. पुढची पायरी सामान्यरूपाची: ‘आपण कुणाला खाऊ देऊया?’ मूल ‘बुदग्याला’ म्हणालं तर नियम बसला; ‘बुदगाला’ म्हणालं तर प्रत्यय बसलाय, पण त्याआधी शब्दाचा शेवट बदलतो हे अजून यायचंय. ‘घोडाला पाणी दे’ म्हणणारं पोर याच टप्प्यावर असतं.

आणि इथे साताऱ्याकडचं एखादं मूल शांतपणे म्हणतं, ‘दोन बुदगं.’ परीक्षक शून्य देतो. पण त्या घरात आंबा-आंबं, पैसा-पैसं, कपडा-कपडं असंच चालतं. कधीही न ऐकलेल्या शब्दाला मुलाने घरचा नियम अचूक लावला. त्या तक्त्यातलं हे सगळ्यात चोख उत्तर आणि गुण शून्य! कसोटी घ्यायच्या आधी घरातल्या मोठ्यांकडून हेच शब्द करवून घेतले असते तर हा घोळ झाला नसता. मोठ्यांना आधी हसू येतं, मग मजा वाटते, आणि उत्तरपत्रिका मात्र खरी तयार होते.

अनोळखी माणसाने विचारलं की मूल गप्प बसतं, ही दुसरी अडचण. गप्प बसणं म्हणजे ‘येत नाही’ असं कधीच मोजायचं नाही. ते वेगळ्या खुणेने लिहायचं. ‘या बाहुलीला मराठी येत नाही, तू शिकव’ म्हटलं की बरीच मुलं सुटतात.

दोन भाषांचं पोर आणि शब्दांची यादी

आठ ते तीस महिन्यांच्या मुलांचे शब्द मोजायला पालकांना यादी देऊन खुणा करायला सांगतात. इंग्रजी यादीचं नुसतं भाषांतर केलं तर बर्फातली घसरगाडी येते आणि परात, सूप, गोठा, उंबरा येत नाहीत. एका ‘अंकल’च्या जागी आपल्याकडे काका, मामा आणि आत्याचे मिस्टर असे वेगवेगळे; यादी तिथे लांबवावीच लागते.

विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई कामगारांची, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणाऱ्यांची, कुटुंबं देशभर पसरलेली आहेत. तमिळनाडूतल्या एखाद्या गावात सोन्या-चांदीच्या गलाईचं दुकान असलेल्याचं दोन वर्षांचं मूल यात्रेला गावी येतं. पाण्याला ते आईजवळ ‘पाणी’ म्हणतं, शेजारणीजवळ ‘तण्णी’. त्याला फक्त मराठी यादी दिली तर चाळीस शब्द भरतात आणि घरात काळजी सुरू होते. दोन्ही भाषांचे शब्द लिहा, मग दोन बेरजा करा. एकूण शब्द किती, आणि अर्थ किती. पाणी आणि तण्णी हे शब्द दोन, अर्थ एक. एकभाषी मुलाशी तुलना करायची तर अर्थांच्या आकड्याशी करायची. जतच्या कन्नड-मराठी घरातही हाच हिशेब. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या टोळीतल्या मुलांच्या बाबतीत भाषा एकच असली तरी दुसरा रकाना कोपीतल्या, म्हणजे टोळीच्या झोपडीतल्या, माणसांच्या बोलण्यातूनच भरायचा, कारखान्याच्या गावच्या बोलण्यातून नव्हे.

दोघांनी तपासलं म्हणजे झालं का

उतारे दोन जणांनी स्वतंत्र तपासायचे, निदान पाचवा हिस्सा तरी. ‘आमचं 90 टक्के जुळलं’ असं अहवालात लिहिलेलं असतं. जरा थांबा. समजा दोघेही शंभरातली 90 वाक्यं ‘चूक नाही’ म्हणून सोडतात. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी 82 जुळल्या असत्या (0.9 गुणिले 0.9, अधिक 0.1 गुणिले 0.1). म्हणजे योगायोगाच्या पलीकडे कमावण्यासारख्या जागा होत्या 18 आणि कमावल्या 8. हे भागिलं की 0.44 येतं, याला कोहेनचा कॅप्पा म्हणतात. 0.8च्या वर असेल तर बरं मानतात. 0.44 म्हणजे दोघांच्या डोक्यात ‘चूक’ या शब्दाचे दोन अर्थ होते. बहुधा एक जण पुण्याचा असतो आणि एक वाळव्याचा. मग भांडण न करता दुसऱ्या रकान्याकडे परत जायचं.

परवानगी

मुख्याध्यापकांनी किंवा अंगणवाडीच्या ताईंनी ‘करा की’ म्हटलं ही संमती नव्हे. आई-वडिलांची लेखी संमती लागते, तीही कागद मोठ्याने वाचून दाखवून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 7 ते 12 वयाच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी अनुमतीही घ्यावी लागते. त्याहून लहान मुलाचं पाठ फिरवणं, रेकॉर्डर ढकलणं हाच नकार धरावा.

तासभर चालू असलेल्या रेकॉर्डरमध्ये उसनवारी, सुनेचं माहेर, वाटणीचा वाद, सगळं येतं. म्हणून फाइल आधी घरच्यांना ऐकवायची आणि ते म्हणतील तो भाग त्यांच्यासमोर पुसायचा. नाव बदलून भागत नाही. ‘गिरणीवाल्यांची धाकटी’ एवढं लिहिलं तरी अख्ख्या गावाला घर कळतं. गाव, धंदा आणि मुलांची संख्या या तिन्ही गोष्टी एकत्र कधी छापायच्या नाहीत.

त्या तीन वर्षांच्या मुलीची ओळ तक्त्यात आता अशी दिसते. पहिला रकाना ‘मी बी येतो’, दुसरा ‘मी बी येतो’, तिसरा ‘मीही येते’. चुकीच्या रकान्यात काही नाही. ती पहिलीत गेल्यावर पुन्हा दोन मुद्रणं करायची, एक वर्गात बाईंशी बोलताना, एक घरी आज्जीशी. बाईंना ‘मी येते’ आणि आज्जीला ‘मी येतो’ असं म्हणाली, तर चौथा रकाना आखावा लागेल: कोणाशी बोलताना.